नऊ दिवसांची परवानगी, आणि उरलेल्या 356 दिवसांचं काय?

नवरात्र तोंडावर आलंय. व्हॉट्सअ‍ॅपवर रंगांची यादी फिरायला लागली. बँका, शाळा, पंचायत समिती, पतसंस्था, सगळीकडच्या बायका त्या त्या रंगात येणार, फोटो काढणार, आणि आम्ही पत्रकार ते फोटो छापणार. छान दिसतं. माझा आक्षेप त्या फोटोंवर नाही. माझा प्रश्न दसऱ्यानंतरच्या दिवसांचा आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. ही यादी कुठल्या पोथीतली नाही. घटस्थापना कुठल्या वारी येते त्यावर ती फिरते. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, गुरुवारी पिवळा, शनिवारी राखाडी. वर्तमानपत्रांनी गेल्या वीसेक वर्षांत हे रुजवलं, म्हणजे आमच्याच धंद्यानं. आणि बायकांनी ते उचलून धरलं. का उचललं? माझं मत सांगते. पन्नाशीच्या बाईला भगभगीत केशरी नेसायला एक कारण मिळालं. कुणी विचारलं तर उत्तर तयार, "आज केशरी आहे ना!" एरवी तीच साडी नेसून ती ऑफिसात आली असती तर? "काय हो मॅडम, आज काय विशेष?" हा प्रश्न दिवसभरात दहा जणांनी विचारला असता.

म्हणजे रंग आवडतो, कपाटात साडी पण आहे. फक्त परवानगी लागते. ही परवानगी देणारे कोण, तेवढं सांगा मला.

आपल्याकडं बाईच्या रंगाचं वेळापत्रक ठरलेलं आहे. लग्नाआधी भडक नको, लोक काय म्हणतील. लग्नात हिरवा चुडा. मुलं मोठी झाली की "आता जरा सौम्य घाला वैनी." सून आली की अजून फिकं. नवरा गेला की विषयच संपला. सावळ्या पोरीला तर शाळेपासूनच सांगून ठेवलेलं असतं, "तुला पिवळा उठून दिसत नाही." हे सांगणाऱ्या बऱ्याचदा बायकाच असतात, हे पण कबूल करूया.

आता पुरुषांकडं बघा. सत्तरीतले आजोबा लग्नात गुलाबी फेटा बांधून पहिल्या रांगेत बसतात. कुणी म्हणतं का, "आजोबा, वयाला शोभत नाही"? चैत्रात जोतिबाचा अख्खा डोंगर गुलालानं गुलाबी होतो, त्यात डोक्यापासून पायापर्यंत माखलेले पुरुषच जास्त. निवडणूक जिंकली की तोच गुलाल. बायको वारलेला माणूस तेराव्यानंतर होता तोच शर्ट घालून कामावर जातो. त्याच्या शर्टाच्या रंगावर भावकीची बैठक बसत नाही.

काही जण म्हणतील, ही परंपरा आहे, रंगाला अर्थ असतो. असतो ना! पण तो अर्थ आपल्या सोयीनं किती बदललाय, ते पण बघा. लाल म्हणजे सौभाग्य, बरोबर? मग जुन्या काळी केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवांना जे आलवण नेसायला लावत, ते तांबडंच असायचं. काळा अशुभ, बरोबर? मग मंगळसूत्रातले मणी कुठल्या रंगाचे आहेत? संक्रांतीला हौसेनं काळी चंद्रकळा कोण नेसतं? पांढरा विधवेचा म्हणता, आणि नवरात्रात सोमवारी सगळं ऑफिस पांढऱ्यात उभं राहून फोटो काढतं. रंगात शुभ-अशुभ काही नसतं. कुणी घातला आणि कुणाला विचारून घातला, एवढाच काय तो हिशोब.

हे "भडक" प्रकरण पण जरा तपासा. शेतात भांगलायला जाणारी, बाजारात भाजी घेऊन बसणारी आपली मावशी कधीच फिकट नेसत नव्हती. इरकल लुगडं, त्यावर खणाची चोळी, जांभळा, मिरची लाल, गडद हिरवा. आपण शिकलो, शहरात गेलो, आणि आपल्याच आयांच्या रंगांना "गावंढळ" म्हणायला लागलो. आता तोच खण शहरातल्या प्रदर्शनात महाग झाला तर तो "एथनिक". रंग तोच, फक्त अंगावर घेणारी बाई बदलली.

आणि हल्ली तर रंगांना मालक पण मिळालेत. निळी साडी नेसली की "मोर्चाला निघालात का?" हिरवी नेसली की दुसरा टोमणा. अरे, साडी आहे ती. झेंडा नाही.

सरकार पण मागं नाही. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारनं कर्मचाऱ्यांच्या पेहरावाचं परिपत्रक काढलं, त्यात गडद रंगाचे कपडे नकोत असं सांगितलं. मार्च 2024 मध्ये शिक्षकांसाठी तसंच परिपत्रक आलं. नियम बाई-पुरुष दोघांना आहे हे खरं. पण पुरुषाच्या शर्टाला त्यानं काय फरक पडतो? तो आधीपासून फिकटच घालतो. अडचण होते ती साडीची. ज्या पैठणीला आपण महावस्त्र म्हणून मिरवतो, तिचे जांभळा, मोरपंखी हे रंग गडद नाहीत तर काय आहेत? येवल्याच्या विणकराचं कौतुक करायचं आणि तोच रंग वर्गात शिस्तीला बाधा आणतो म्हणायचं, हे कसं जमतं? फळ्यावरचं गणित बाईंच्या साडीनं चुकत नाही.

कुणी म्हणेल, "मॅडम, पाण्याचा प्रश्न आहे, उसाच्या बिलाचा प्रश्न आहे, आणि तुम्ही साडीवर लिहिताय?" त्यावर पण लिहिते आणि लिहीत राहीन. पण हा विषय वाटतो तेवढा हलका नाही. ज्या बाईला साडीचा रंग ठरवायला चार जणांची तोंडं बघावी लागतात, तिच्या हळदीकुंकवाच्या आमंत्रणाचा, लेकीच्या लग्नात पुढं उभं राहण्याचा निर्णय पण तेच चार जण घेतात. सुरुवात साडीपासून होते आणि शेवट मांडवाच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर.

आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातलं हेरवाड आठवा. मे 2022 मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला, कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. आपण सगळ्यांनी बातम्या केल्या, पाठ थोपटून घेतली. पण ठराव कागदावर होतो, टोमणा स्वयंपाकघरात मारला जातो. "एवढ्या लवकर लाल?" हे तीन शब्द कुठल्या ग्रामसभेत येत नाहीत, म्हणून त्यांच्यावर बंदी पण येत नाही.

तुम्ही म्हणाल, आम्हाला फिकटच आवडतं. मग फिकटच घाला की! आवड असेल तर राखाडी पण सुंदर. फक्त एकदा स्वतःला विचारा, हा रंग मी निवडला की उरला म्हणून घेतला?

या नवरात्रात तीन गोष्टी करता आल्या तर बघा.

एक, मंडळांनी फोटो काढताना विधवा मैत्रिणीला मागच्या रांगेत ढकलू नका. मधे घ्या. हळदीकुंकवाला पण बोलवा.

दोन, शाळांच्या संस्थाचालकांनी बाईंच्या साडीवर शेरे मारायचं बंद करावं. निकाल बघा, हजेरी बघा, शौचालयाला पाणी आहे का ते बघा.

तीन, पुरुषांसाठी. घरात आईनं, बायकोनं, वहिनीनं गडद रंग काढला की "आज काय विशेष" विचारू नका. विशेष काही नसतं. मंगळवार असतो, आणि तिला लाल आवडतो.

दसरा झाला की त्या केशरी, जांभळ्या साड्या परत ट्रंकेत टाकू नका. कार्तिकातल्या एखाद्या साध्या बुधवारी बाजाराला जाताना नेसा. कुणी विचारलंच तर "मनात आलं" एवढं उत्तर पुष्कळ झालं.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली लिहा, उत्तर देईन.