सोवळ्यातले वाचक

भाऊ पाध्ये यांच्या वाट्याला आधी निंदा आली आणि मागाहून पूजा. दोन्ही वेळा वाचनाचे कष्ट मात्र आम्ही चुकविले, असे आमचे स्पष्ट मत आहे.

1965 साली ‘वासूनाका’ प्रसिद्ध झाली आणि आचार्य अत्र्यांनी ‘मराठा’तून तिच्यावर आसूड ओढला. अपराध कोणता? नाक्यावरची पोरे नाक्यावरचीच भाषा बोलतात, हा! त्यांच्या तोंडी कीर्तनकाराची वाणी घातली असती, तर कोणाचेच सोवळे मोडले नसते. कादंबरी तेवढी खोटी ठरली असती. आज तीच मंडळी भाऊंना ‘कल्ट’ लेखक म्हणून देव्हाऱ्यात बसवितात. देव्हाऱ्यातील पोथीही सहसा कोणी उघडीत नाही.

भाऊ (1926–1996) दादरचे, पदवीधर. कामगार चळवळ, शिक्षकी, कारकुनी, ‘नवशक्ती’तील पत्रकारी, अशा नाना वाटा त्यांनी तुडविल्या. मुंबई त्यांनी सज्जातून पाहिली नाही. ‘राडा’ (1975) लिहिण्याचे धैर्य त्यातूनच आले.

याचे भिलाईत काय, असे कोणी विचारील. येथील पहिली झोतभट्टी 1959 साली पेटली. दुसऱ्याच वर्षी भाऊंची ‘डोंबाऱ्याचा खेळ’ आली. तिचा विषय कामगार संघटनांचे जग, म्हणजे आमच्या दाराबाहेरचे जग. 1991 साली शंकर गुहा नियोगी यांचा याच गावी झोपेत खून झाला. पोलादाच्या गावात राहून ज्यांनी मजुरांचे राजकारण ‘त्या लोकांची भानगड’ मानले, त्या आम्हां नोकरदारांना ही कादंबरी परकी वाटावी, यात नवल ते काय? आमच्या कपाटांत पेशवाई नांदते. कारखान्याच्या भोंग्याला तेथे जागा नाही.

‘मुलाबाळांच्या घरात असली पुस्तके कशी ठेवावी?’ असा आक्षेप ऐकू येतो. मुले शिव्या रस्त्यावर शिकतात, कादंबरीत नव्हे. कादंबरी त्यांना शिवी देणाऱ्याचे दुःख दाखविते. परमुलखात मराठी जपावयाची म्हणजे केवळ दिवाणखान्यातील मराठी जपावयाची काय?

तेव्हा मंडळाच्या पुढील पुस्तकखरेदीत ‘डोंबाऱ्याचा खेळ’ आणि ‘वासूनाका’ यांचा समावेश व्हावा, अशी आमची मागणी आहे. मग खुशाल नावे ठेवा. पण वाचून ठेवा.