गबराव आणि जेविंग



आमची पाच वर्षांची कन्या परवा पानावर बसली होती. मी वरून हाक मारली, तर खालून उत्तर आलं, "बाबा, आय ऍम जेविंग!" आम्ही दोघं पोट धरून हसलो. किस्सा इथल्या दोन-चार घरी सांगूनही झाला.

मग 'हॉब्सन-जॉब्सन' चाळताना हसू मावळलं. हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश, हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा, १८८६ साली निघालेला. यूल बंगाल इंजिनियर्समधला, म्हणजे आपल्याच जातकुळीचा! त्यात एक क्रियापद आहे: 'गबराव'. अर्थ, एखाद्याला दमात घेऊन गांगरवून टाकणे. मूळ हिंदुस्तानी 'घबराओ'. गंमत बघा, मूळ क्रियापद बहुतेक वेळा स्वतः घाबरण्याचं. साहेबाने ते दुसऱ्याला घाबरवण्याचं करून टाकलं.

त्याची भावंडंही तिथेच आहेत. माणूस धरायला 'पकराव', होडी किनाऱ्याला लावायला 'लगाव'. सगळी आज्ञार्थी रूपं, आणि कोशकारांनीही हे नोंदवलंय. 'शाम्पू'सुद्धा त्यातलाच, 'चांपो'वरून आलेला. आधी त्याचा अर्थ अंग चेपणे असा होता. तो बाटलीत शिरला म्हणून वाचला. 'गबराव' मेला. माझ्या ऑफिसात चार इंग्रजांना विचारलं, एकालाही ठाऊक नव्हता.

आज्ञार्थच का? माझं मत सरळ आहे. साहेबाचा नोकर-नावाड्यांशी संबंध मुख्यतः हुकमाचा. "काल काय झालं रे?" असं विचारायची त्याला गरजच कमी. हुकूम सोडणारा निघून गेला आणि बरेचसे शब्दही गेले.

आता आमच्या घरी बघतो. ये, बस, जेव, आवर, बूट काढ, झोप. लेकीच्या कानावर पडणारं मराठी बहुतेक एवढंच. शाळेतली भांडणं, गोष्टी, लाड, सगळं इंग्रजीत. म्हणजे 'जेविंग' आणि 'गबराव' एकाच साच्यातले. फरक इतकाच की इथे साहेब मी आहे.

तेव्हा आमच्याकडे सोमवारपासून उलटं चालू केलंय. हुकूम हवे तर इंग्रजीत, पण गप्पा मराठीत. काल तिला विचारलं, "आज शाळेत कोण रडलं?" बराच वेळ विचार करून म्हणाली, "मी रडली." व्याकरणाचं नंतर बघू. पण वाक्य पूर्ण होतं, आणि तिचं स्वतःचं होतं.

चूकभूल द्यावी घ्यावी.

आपला,
एक रेडिंगकर