चाहत्यांच्या मेळाव्यातील खाकी आणि काळा वेश : कायदा कोठे थांबतो?

गिंडी (चेन्नई) : गिंडीहून कत्तिपारा चौक ओलांडून पूनमल्ली मार्गाने पश्चिमेकडे निघाले, की थोड्याच अंतरावर नंदंबाक्कमचे चेन्नई ट्रेड सेंटर लागते. एरवी यंत्रसामग्री आणि चामड्याच्या वस्तूंची प्रदर्शने भरणाऱ्या या दालनांत १७ आणि १८ फेब्रुवारी २०२४ रोजी ‘कॉमिक कॉन’ हा चित्रकथा, चित्रपट आणि व्हिडिओ गेमच्या चाहत्यांचा मेळावा चेन्नईत प्रथमच भरला. पुढील वर्षीही फेब्रुवारीतच तो झाला. दिल्लीत २०११ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमाची खरी ओळख तेथील दुकानांपेक्षा ‘कॉस्प्ले’मध्ये, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश धारण करून येणाऱ्या तरुणाईमध्ये आहे.

या वेशांपैकी बहुतेकांविषयी कोणाच्याही मनात संभ्रम निर्माण होण्याचे कारण नाही. स्पायडरमॅनला कोणी पोलीस समजत नाही. परंतु चाहत्यांच्या आवडत्या पात्रांत पोलीस, सैनिक, अंगरक्षक आणि गुप्तहेरही मोठ्या संख्येने असतात. ‘रेसिडेंट ईव्हिल’ या खेळातील पोलिसाचे गडद निळे जाकीट, मार्व्हलच्या ‘शील्ड’ संघटनेचा काळा पोशाख, ‘मेन इन ब्लॅक’चा सूट आणि कानातील यंत्र ही त्याची परिचित उदाहरणे होत. त्यात तमिळनाडू ही तर खाकी वर्दीतील नायकांची भूमी. २०१० मधील सूर्याचा ‘सिंगम’ पुढच्याच वर्षी हिंदीत येताना ‘बाजीराव सिंघम’ हा मराठी पोलीस अधिकारी झाला आणि त्याने खाकी वर्दी महाराष्ट्रातही चाहत्यांचा वेश बनवली. हे वेश मिळविण्यास फारसे सायासही पडत नाहीत. चित्रपटसृष्टीला पोशाख भाड्याने पुरविण्याचा व्यवसाय कोडंबाक्कम-वडपळनी परिसरात, गिंडीपासून काही किलोमीटरवरच, रुजलेला आहे.

दुसऱ्या बाजूला अशा मेळाव्यांत प्रत्यक्ष सुरक्षेचे काम करणारी माणसे कशी दिसतात? काळा टी-शर्ट, काळी किंवा अनेक खिशांची पँट, कमरेला वॉकीटॉकी, गळ्यात ओळखपत्राची पट्टी. दहा पावलांवरून पाहणाऱ्याला यांतील चाहता कोणता आणि रक्षक कोणता, हे सांगता येईलच असे नाही. प्रश्नाचे मूळ येथे आहे.

या संभ्रमाला तीन अंगे आहेत. चाहत्याला रक्षक समजून हरवलेले मूल किंवा छेडछाडीला सामोरी गेलेली तरुणी त्याच्याकडे धाव घेते, हे पहिले. रक्षकांनीच एखाद्याला आपल्यापैकी समजून मंचामागे किंवा पाहुण्यांच्या दालनात सोडावे, हे दुसरे. तिसऱ्याची चर्चा सर्वांत कमी होते, पण धोका त्यातच अधिक आहे. आपत्ती ओढवली असता खरा रक्षक ‘या दाराने बाहेर पडा’ असे ओरडून सांगतो आणि लोक त्यालाही एखादे पात्र समजून हसून पुढे जातात. गर्दीत चेंगराचेंगरीची वेळ येते तेव्हा सूचना कोणाची मानायची, हे ठरविण्यास लोकांच्या हाती काही क्षणच असतात. बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर ४ जून २०२५ रोजी ११ जणांचा बळी गेल्यानंतर प्रवेशद्वारांवरील व्यवस्थेची चर्चा देशभर झाली. चेन्नईकरांच्या स्मरणात तर १० सप्टेंबर २०२३ चा ए. आर. रहमान यांचा कार्यक्रम अद्याप ताजा आहे. क्षमतेपेक्षा अधिक लोटलेली गर्दी आणि महिलांनी मांडलेल्या छळाच्या तक्रारी यांमुळे तेव्हा आयोजकांवर गुन्हा नोंदविला गेला होता. त्या कार्यक्रमात गणवेशाचा प्रश्न नव्हता. मात्र मदत कोणाकडे मागायची हे गर्दीतील माणसाला कळावे लागते, एवढे त्यातून नक्कीच दिसले.

गणवेशावरील विश्वासाचा गैरवापर किती भीषण ठरू शकतो, याचे उदाहरण नॉर्वेने पाहिले. २२ जुलै २०११ रोजी उटोया बेटावरील युवा शिबिरात हल्लेखोर पोलिसाच्या वेशात आला. त्याआधी ओस्लोत स्फोट झाला होता, त्यामुळे मुले त्याच्याकडे संरक्षणाच्या आशेने पाहत होती. त्या बेटावर ६९ जण मारले गेले. त्यानंतर खरे पोलीस पोहोचले तेव्हा लपलेल्या मुलांपैकी अनेकांना त्यांच्यासमोर येण्याचेही भय वाटत होते. कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात एप्रिल २०२० मध्ये पोलिसाचा वेश आणि हुबेहूब पोलिसी मोटार वापरणाऱ्याने २२ जणांचा जीव घेतला. त्या प्रांताने पुढे पोलिसांच्या गणवेशाची व साहित्याची विक्री आणि ते बाळगणे यांवरच निर्बंध आणणारा कायदा केला. या घटनांची चाहत्यांच्या मेळाव्यांशी तुलना करणे अन्यायाचे होईल. तरीही सुरक्षा यंत्रणा या प्रश्नाकडे गमतीने का पाहत नाहीत, ते त्यांवरून समजते.

गिंडीच्या बाबतीत ही गंभीरता स्थानिक भूगोलातही आहे. राज्यपालांचे निवासस्थान गिंडीत आहे आणि २५ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच्या प्रवेशद्वारासमोर पेट्रोल बॉम्ब फेकण्यात आला होता. लष्करी अधिकारी घडविणारी ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी लगतच्या सेंट थॉमस माउंट येथे आहे. खरा लष्करी गणवेश जेथे रोज रस्त्यावर दिसतो, तेथे त्याची नक्कल सहज खपून जाण्याची शक्यता इतर ठिकाणांहून अधिक. जानेवारी २०१६ मधील पठाणकोट हल्ल्यात दहशतवादी लष्करी वेशात आले होते. त्यानंतर नागरिकांनी लष्कराच्या युद्धगणवेशासारखे कपडे वापरू नयेत, असे आवाहन लष्कराने केले. १५ जानेवारी २०२२ रोजी सादर झालेल्या नव्या गणवेशाचा नमुना तर लष्कराने स्वतःच्या नावे नोंदवूनच घेतला.

आता कायद्याकडे वळू. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २०५ नुसार लोकसेवकाच्या वेशासारखा वेश, आपण त्या वर्गातील आहोत असा समज व्हावा या हेतूने किंवा तसा समज होण्याचा संभव आहे हे जाणून, परिधान करणे गुन्हा आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. जुन्या दंड संहितेच्या कलम १७१ मध्ये हा दंड अवघा २०० रुपये होता. सैनिकाच्या वेशासाठी कलम १६८ आहे. वेशाच्या आड लोकसेवक म्हणून काही कृती केली, तर कलम २०४ लागते आणि शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत जाते.

‘सिंघम’ बनून मेळाव्यात आलेला महाविद्यालयीन विद्यार्थी या कलमांत अडकतो का? सर्वसाधारणपणे नाही. स्नेहसंमेलनात किंवा प्रजासत्ताक दिनी पोलीस झालेल्या शाळकरी मुलाप्रमाणेच, त्याचा हेतू कोणाला फसविण्याचा नसतो. मात्र कलमातील ‘जाणून’ हा शब्द विसरता येत नाही. मेळाव्यातून बाहेर पडून तोच वेश अंगावर ठेवून मेट्रोने घरी जाताना त्याच्या खांद्यावरील तारे पाहून लोक त्याला पोलीस समजणार, हे त्याला ठाऊक असते. मंडपाच्या आत जे नाटक ठरते, ते गिंडीच्या मेट्रो स्थानकावर तसेच ठरेल याची खात्री नाही.

खरी उणीव मात्र वेगळीच आहे. खासगी सुरक्षारक्षक हा लोकसेवक नाही. त्यामुळे त्याच्या वेशाची नक्कल कलम २०५ च्या कक्षेत येतच नाही. खासगी सुरक्षा एजन्सी (नियमन) अधिनियम, २००५ चे कलम २१ गणवेशाविषयीच आहे. पण ते उलट दिशेने पाहते. रक्षकाने लष्कर, नौदल, हवाई दल किंवा पोलिसांसारखा गणवेश घातला, तर त्याला आणि एजन्सीच्या मालकाला एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्षकाने पोलिसासारखे दिसू नये, याची काळजी विधिमंडळाने घेतली. अन्य कोणी रक्षकासारखे दिसू नये, याची घेतलेली नाही. ज्या ‘बाउन्सर’च्या भरवशावर आज हजारोंचे कार्यक्रम पार पडतात, तो शब्दही या अधिनियमात नाही. शिवाय आपल्याकडे परवाना एजन्सीला मिळतो, रक्षकाला व्यक्तिशः नाही. ब्रिटनमध्ये २००१ च्या कायद्याने प्रत्येक रक्षकाला स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो आणि तो दिसेल असा लावावा लागतो. तेथे काळा टी-शर्ट पुरेसा ठरत नाही, कारण त्यावर परवाना नसेल तर तो केवळ टी-शर्टच राहतो.

जपानने तिसरा मार्ग धरला. तेथील १९४८ च्या किरकोळ अपराधविषयक कायद्यानुसार अधिकार नसताना शासकीय गणवेश किंवा त्याच्यासारखे बनविलेले कपडे वापरणे हाच अपराध आहे. फसविण्याचा हेतू सिद्ध करावा लागत नाही. टोकियोतील ‘कॉमिकेट’ या महामेळाव्याच्या नियमांत पोलीस, अग्निशमन दल आणि सुरक्षारक्षक यांच्याशी गल्लत होईल असे वेश म्हणूनच वर्ज्य आहेत. काल्पनिक सैन्याचा वेश चालतो, सध्या वापरात असलेला खरा गणवेश चालत नाही. ही रेषा साधी आहे आणि चाहत्यांनाही ती समजते.

अमेरिकेत लक्ष वेशाऐवजी शस्त्रांवर केंद्रित झाले. मे २०१७ मध्ये फिनिक्स कॉमिकॉनमध्ये चिलखत घातलेला आणि भरलेल्या चार बंदुका बाळगणारा इसम पकडला गेला. तो आत शिरला तेव्हा बंदुका खऱ्या आहेत, हे कोणाच्या लक्षात आले नव्हते; पोलिसांना सूचना मिळाली ती बाहेरून. आयोजकांनी दुसऱ्याच दिवसापासून नकली शस्त्रांवर सरसकट बंदी घातली. भारतातील मेळाव्यांचे नियमही प्रामुख्याने शस्त्रसदृश वस्तूंभोवतीच फिरतात. तलवारीचे पाते कशाचे आहे हे दारावर तपासले जाते. छातीवरील ‘सिक्युरिटी’ हा शब्द मात्र तपासाविना आत जातो.

महाराष्ट्राला या प्रश्नाची दोन्ही टोके परिचित आहेत. १९ मार्च १९८७ रोजी मुंबईत ऑपेरा हाउसजवळील त्रिभुवनदास भीमजी झवेरी यांच्या पेढीवर ‘सीबीआय’चा छापा पडला, आणि छापा घालणाऱ्या बहुतेकांना स्वतःलाच आपण नकली असल्याचे ठाऊक नव्हते. त्या दिवशी गणवेशाचीही गरज भासली नाही. ओळखपत्रे आणि रुबाब पुरला. १९ जानेवारी २०२३ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलातील पंतप्रधानांच्या सभेपूर्वी लष्करी जवान असल्याचे भासवून अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या विभागात जाऊ पाहणाऱ्या एकास पोलिसांनी अटक केली. त्याच्या हालचालींचा संशय आला आणि ओळखपत्र पाहिले गेले, म्हणून तो सापडला. दुसऱ्या टोकाला उभा आहे बहुरूपी. पोलिसाच्या वेशात दारी येऊन ‘चला, वॉरंट आहे’ असे दरडावणारा हा लोककलावंत गावाने पिढ्यानपिढ्या हसत स्वीकारला, कारण तो सोंग घेतो हे गावाला माहीत होते आणि शेवटी तो हात पुढे करून ते स्वतःच सांगत असे. कॉस्प्लेचा करार याहून फारसा निराळा नाही. अडचण एवढीच की, अनोळखी शहरात, वीस-पंचवीस हजारांच्या गर्दीसाठी उभारलेल्या दालनात ते ‘गाव’ कोठून आणायचे?

चाहत्यांच्या वेशावर सरसकट बंदी हा सर्वांत सोपा आणि सर्वांत निरुपयोगी उपाय ठरेल. ‘स्क्विड गेम’मधील गुलाबी वेशाचे पहारेकरी हेही पहारेकरीच, पण त्यांच्याकडे कोणी मदत मागायला जात नाही, कारण जगातील कोणताही रक्षक गुलाबी वेशात उभा नसतो. म्हणजे पात्र कोणते यापेक्षा खऱ्या रक्षकाशी साम्य किती, हाच निकष योग्य होय. आणि साम्य दोन बाजूंनी कमी करता येते. चाहत्याने खांद्यावरील अधिकारचिन्हे आणि ‘पोलीस’, ‘सिक्युरिटी’ ही अक्षरे उतरवून ठेवणे ही एक बाजू. आयोजकांनी रक्षकांना काळ्या रंगातून बाहेर काढणे ही दुसरी, आणि अधिक परिणामकारक. पाठीवर दुरून वाचता येईल असा क्रमांक, आधी जाहीर न केलेला आणि दररोज बदलणारा रंगीत दंडपट्टा, तोच रंग प्रवेशद्वारावरील फलकावर तमिळ आणि इंग्रजीत दाखविणे, यांना मेळाव्याच्या एकूण खर्चाच्या मानाने नगण्य पैसा लागतो. आयोजकांना काळा रंग प्रिय असण्याचे कारण सुरक्षेत नाही. छायाचित्रांत रक्षक उठून दिसू नयेत आणि दरारा मात्र राहावा, ही त्यामागची अपेक्षा असते.

या व्यवस्थेत रक्षकाचा विचार क्वचितच होतो. २००६ च्या केंद्रीय आदर्श नियमांनी त्याच्यासाठी १०० तासांचे वर्गातील आणि ६० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण, किमान २० दिवसांत विभागून, सांगितले. दोन दिवसांच्या मेळाव्यासाठी आयत्या वेळी जमविलेल्या मनुष्यबळापैकी कितीजणांनी ते घेतले आहे, हा प्रश्न परवाना देणाऱ्या राज्य प्राधिकरणाने विचारण्यासारखा आहे. याच नियमांत त्याच्या गणवेशाचे वर्णनही आहे : दंडावर एजन्सीचे चिन्ह, छातीवर किंवा खांद्यावर हुद्दा, छायाचित्रासह ओळखपत्र, आणि डाव्या खिशात दोरीला बांधलेली शिट्टी. मुख्य मंचावरील ध्वनिवर्धक चालू असताना ती शिट्टी नंदंबाक्कमच्या दालनात किती अंतरापर्यंत ऐकू जाते, हे पाहण्यास आयोजकांना मेळाव्याआधीची एक संध्याकाळ पुरेल.