विलक्षण पुस्तके आणि वाचकाचे मन

'ग्रंथ हेच गुरू' हे वाक्य आम्ही निबंधांतून इतक्या वेळा लिहितो की, त्यातील अर्थ आता पुसट होऊन गेला आहे. गुरू होण्यापूर्वी पुष्कळ ग्रंथ प्रथम आपल्या मनाचा ताबा घेतात. काही पुस्तके तर अशी विलक्षण असतात की, ती मिटून ठेवली तरी दोन-दोन दिवस आपणांस सोडीत नाहीत. जेवणात लक्ष लागत नाही, कोणी हाक मारली तर ती दुरून आल्यासारखी वाटते, आणि रोजचा रस्ताही परका भासू लागतो. हे पाहून घरातील वडीलधारी मंडळी चिंतेत पडतात व असली पुस्तके मुलांच्या हाती पडू नयेत, असा निर्णय देऊन मोकळी होतात. हा निर्णय कितपत योग्य आहे, याचा येथे थोडा विचार करावा असे आम्हांस वाटते.

ही भीती अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. १७७४ साली जर्मन कवी गटे याची 'वेर्टर' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. एका निराश तरुणाची ती शोकान्त कहाणी वाचून युरोपातील कित्येक तरुण त्या नायकासारखा निळा कोट आणि पिवळी बंडी घालून मिरवू लागले. पुढील वर्षी लाइपझिग नगरात त्या पुस्तकाच्या विक्रीवर बंदी घालण्यात आली. परंतु याच कथेची दुसरी बाजूही आहे. हे पुस्तक लिहून झाल्यावर आपले मन हलके झाले, असे खुद्द गटेने आत्मचरित्रात सांगितले आहे. आणि पुढे १८३२ पर्यंत तो भरभरून जगला. दुःख एकच, लेखक त्यातून पार झाला, काही वाचक मात्र त्यात अडकून पडले. तेव्हा प्रश्न पुस्तकात किती अंधार आहे हा नसून, त्या अंधारातून आपण कसे चालतो हा आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर आमच्या याच बडोद्यात दिले गेले, याचा आम्हांस अभिमान वाटतो. १९२१ साली येथे भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष न. चिं. केळकर यांनी वाचनानंदास 'सविकल्प समाधी' असे नाव दिले. वाचक आपली भूमिका न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो. स्वतः तोच राहून क्षणभर दुसरा होतो. वेर्टरचा कोट अंगावर चढविणाऱ्यांची समाधी लागली खरी, पण त्यांचा स्वतःचा 'विकल्प' हरवला. भरतमुनींनी भयानक आणि करुण यांनाही रसांत स्थान दिले, तेही भय व शोक यांचा असा आस्वाद घेता येतो म्हणूनच.

आमच्याप्रमाणेच महाराष्ट्राबाहेर राहून मराठीची सेवा करणारे जी. ए. कुलकर्णी धारवाडास इंग्रजीचे अध्यापन करीत. त्यांच्या 'रमलखुणा' (१९७५) या संग्रहात 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोनच दीर्घ कथा आहेत. वरच्या वर्गांतील वाचकांनी त्या अवश्य वाचाव्यात. तेथे आपल्या ओळखीचे गाव नाही, सन नाही, नातीगोती नाहीत. धरावयास आधारच नसल्यामुळे वाचक एकटा पडतो आणि नियती, मृत्यू, मनुष्याची धडपड यांच्यासमोर उघडा उभा राहतो. वाचून झाल्यावर येणारी खिन्नता हा आजार नव्हे. मन एरवी ज्या प्रश्नांना बगल देते, ते त्याने एकदा ऐकून घेतले, याची ती खूण आहे.

अर्थात् काही पथ्ये पाळावीत. असे पुस्तक परीक्षेच्या आदल्या रात्री उघडू नये. भीती वाटली म्हणून ते अर्ध्यात कायमचे टाकूनही देऊ नये, कारण अर्धवट वाचलेली भीती मनात वाढतच जाते. आणि वाचून झाल्यावर कोणाजवळ तरी त्याविषयी बोलावे.

वडीलधाऱ्यांसही आमची एक नम्र विनंती आहे. पुस्तकाने आणलेली उदासी बहुधा चार दिवसांत ओसरते. जी ओसरत नाही, तिचे मूळ अन्यत्र असण्याचा संभव अधिक. अशा वेळी पुस्तक कपाटात बंद केले, तर मुलाचे दुःख तसेच राहते आणि ते बोलून दाखविण्याचे एक निमित्त मात्र नाहीसे होते. म्हणून कपाटास कुलूप लावण्यापूर्वी जवळ बसवून "काय वाचलेस?" एवढे विचारावे. त्या एका प्रश्नाने पुष्कळ गोष्टी उलगडतील, अशी आमची श्रद्धा आहे.