वितळलेल्या बॉनेटचा भुर्दंड कोणी सोसायचा?

अमेरिकेच्या उपनगरांत घरापुढची हिरवळ कापण्यासाठी जो बसून चालवायचा छोटा ट्रॅक्टर वापरतात, त्याच्या बॉनेटविषयी या पानावर लिहावे, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. ज्या समाजाला अंगणातले गवत कापायलाही ट्रॅक्टर लागतो, त्याची दुखणी आपण का वाहावीत, असेही कोणी विचारील. परंतु कारखानदार, यंत्र आणि ते यंत्र वापरणारा माणूस यांचे खरे नाते अशा क्षुल्लक भागातच पुष्कळदा उघडे पडते.

तक्रार साधी आहे. इंजिनावरचे प्लॅस्टिकचे बॉनेट उष्णतेने मऊ पडते. सायलेन्सरच्या बाजूला ते फुगते, वाकते, काळवंडते. कधी पुढच्या जाळीशी गळते, कधी बिजागरीपाशी तडकते. इंजिन धड असते, गिअर धड असतात, पाती धड असतात. यंत्राचे तोंड मात्र वाकडे. मालक दुकानात जातो तेव्हा त्याला मिळणारे उत्तर बहुधा ठरलेले असते: तुम्ही साफसफाई ठेवली नाही, गवत साचू दिले.

या उत्तरात तथ्य आहे, आणि ते आधी मान्य केले पाहिजे. ही इंजिने बहुधा हवेने थंड होणारी असतात. फ्लायव्हीलवरचा पंखा जाळीतून हवा ओढतो आणि पत्र्याच्या आवरणाखालून ती सिलिंडरच्या फिनांवर सोडतो. जाळीवर गवताचा थर बसला, फिनांमध्ये वाळका चुरा अडकला, की हवेची वाट बुजते आणि आतले सारे तापू लागते. काही यंत्रांत गरम हवा आणि थंड हवा वेगळी राखण्यासाठी बॉनेटच्या आतून फोमच्या पट्ट्या लावलेल्या असतात. त्या झिजून गळून पडल्या म्हणजे बाहेर जायची तप्त हवा आतच घोटाळत राहते आणि पंखा तीच पुन्हा ओढतो. सायलेन्सर आणि प्लॅस्टिक यांच्यामध्ये पत्र्याची एक उष्णतारोधक ढाल असते. ती गंजली, किंवा दुरुस्तीच्या वेळी काढलेली परत बसवलीच नाही, तर बॉनेटला सरळ धग लागते. मालकाने या गोष्टींकडे लक्ष द्यावे हे योग्यच आहे.

पण गवत कापणे हेच ज्या यंत्राचे एकमेव काम, त्याच्यावर गवत बसले म्हणून मालकाला हलगर्जी ठरवणे म्हणजे होडीला पाणी लागले म्हणून नावाड्याला दोष देण्यासारखे आहे. शिवाय साफसफाई चोख ठेवली तरी एक अडचण उरतेच. काम संपवून इंजिन बंद केले की पंखाही त्याच क्षणी थांबतो. सिलिंडर आणि सायलेन्सर यांत साठलेली उष्णता मात्र थांबत नाही. वाहती हवा नसल्याने ती वर चढते, आणि वर असते बॉनेट. म्हणजे प्लॅस्टिकचा कसोटीचा काळ यंत्र चालताना जितका असतो, तितकाच ते बंद झाल्यावर पहिल्या काही मिनिटांत असतो. यात मालकाचा हलगर्जीपणा कोठे आला?

आकडे पाहिले म्हणजे प्रश्न अधिक स्पष्ट होतो. एबीएस जातीचे प्लॅस्टिक १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते. पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या सुमारास वितळते, पण त्यावर भार असेल तर त्याच्या बऱ्याच आधी आकार सोडते. उलट, भाराखाली चालणाऱ्या पेट्रोल इंजिनातून निघणारा धूर ५०० अंशांच्या वर जातो, आणि सायलेन्सरचा पत्रा ३०० अंश ओलांडू शकतो. ही काही गुपिते नव्हेत. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ती ठाऊक असतात. अर्थात बॉनेट आणि सायलेन्सर यांच्यात किती बोटांचे अंतर ठेवायचे, ढाल एकेरी करायची की दुहेरी, हवेला झरोके किती द्यायचे, हे सारे निर्णय उष्णतेचे मोजमाप माहीत असूनच घेतले जातात. अंतर वाढवले तर यंत्राचे नाक लांबते, ढाल दुहेरी केली तर खर्च वाढतो, झरोके मोठे केले तर आवाज बाहेर येतो. कंपनीने यातले काय निवडले हे ग्राहकाला कोणी सांगत नाही. त्याला माहितीपुस्तकात मिळते ती सफाईची सूचना.

प्लॅस्टिकला खलनायक ठरवण्याचा मोह येथे टाळावा. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ च्या सुमारास बाजारात आणलेला कब कॅडेट, साउथ बेंडच्या व्हील हॉर्सची यंत्रे, किंवा १९६३ चा जॉन डिअर ११०, या ट्रॅक्टरांची बॉनेटे पोलादी पत्र्याची होती आणि त्यांतली कित्येक यंत्रे हौशी मंडळींनी आजही चालती ठेवली आहेत. परंतु सात-आठ अश्वशक्तीचे ते इंजिन दोन्ही बाजूंनी उघडे असे, उष्णता मिळेल त्या वाटेने निघून जाई. पुढे इंजिने वीस अश्वशक्तीच्या पलीकडे गेली, सायलेन्सर बॉनेटच्या आत आला, आणि भोवतीची जागा आवळत गेली. प्लॅस्टिक गंजत नाही, पोचे पडू देत नाही, वजनाला हलके असते. त्याचा योग्य वापर करता येतो, आणि पुष्कळ यंत्रांत तो झालेलाही आहे. जुन्या लोखंडाचे गोडवे गाऊन आपल्या हाती काही लागणार नाही. पत्र्याचे बॉनेट वाकले तर गल्लीतला मिस्त्री ते ठोकून सरळ करीत असे. साच्यातून निघालेले प्लॅस्टिक एकदा बिघडले की टाकूनच द्यावे लागते. फरक आहे तो हा, आणि तो अर्थशास्त्राचा आहे.

कारण आता सबंध नवे बॉनेट घ्यावे लागते, आणि ते कोणाकडून घ्यायचे याचे स्वातंत्र्य मालकाला फारसे नसते. अमेरिकेत वस्तूच्या बाह्य रूपावर डिझाइन पेटंट मिळते. त्याची मुदत आज १५ वर्षांची आहे. बॉनेट तर कंपनीचा चेहराच. २०१९ साली तेथील फेडरल सर्किट न्यायालयाने फोर्ड कंपनीच्या एफ-१५० ट्रकचे बॉनेट आणि पुढचा दिवा यांवरील डिझाइन पेटंटे वैध ठरवली. पर्यायी भाग बनवणाऱ्यांच्या संघटनेचे म्हणणे असे होते की, मोडलेल्या गाडीला मूळ रूप द्यायचे तर दुसरा आकार चालतच नाही. तेव्हा हा आकार शोभेचा न मानता उपयोगाचा मानावा. न्यायालयाने ते स्वीकारले नाही. तो खटला ट्रकचा होता, पण तत्त्व कोणत्याही यंत्राच्या बॉनेटला लागू पडणारे आहे. जी वस्तू आपल्याच इंजिनाच्या धगीने खराब होऊ शकते, ती वस्तू विकण्याचा मक्ताही आपल्याचकडे, अशी ही सोय आहे. भांडवलदारी व्यवस्थेत बिघाड हाही विक्रीचा मार्ग होऊ शकतो, याचे याहून सुबोध उदाहरण सापडणे कठीण.

यात सर्वांत अधिक कोण भरडतो? हौसेने आठवड्यातून एकदा गवत कापणारा घरमालक नव्हे. तेथे बगीचाकाम हा धंदा आहे, आणि त्यात मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेले मजूर मोठ्या संख्येने राबतात. हंगामी कामासाठी दिल्या जाणाऱ्या एच-२बी व्हिसाची मूळ वार्षिक मर्यादा ६६,००० आहे, आणि तो घेऊन येणाऱ्यांत बगीचाकामाचे मजूर सर्वांत मोठ्या गटांत मोडतात. हा व्हिसा मालकाशी बांधलेला असतो. अशा मजुराच्या हाती लहान कंत्राटदार घरगुती वापराचे स्वस्त यंत्र देतो आणि ते भर उन्हाळ्यात दिवसभर चालवले जाते. धंद्यासाठी वापर केला की हमीची मुदत बहुधा फार तोकडी होते, किंवा हमी उरतच नाही. मग वितळलेल्या बॉनेटचा खर्च कंपनीकडून कंत्राटदाराकडे येतो, आणि कंत्राटदार तो खाली कोणावर ढकलू पाहील, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याचे कारण नाही.

दुरुस्तीच्या हक्काची चळवळ अमेरिकेत गेल्या काही वर्षांत बळावली आहे. कोलोराडो राज्याने २०२३ मध्ये शेतीयंत्रांसाठी असा कायदा केला, तो १ जानेवारी २०२४ पासून अमलात आला. जानेवारी २०२५ मध्ये संघीय व्यापार आयोगाने दुरुस्तीवरील निर्बंधांवरून जॉन डिअर कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. हे स्वागतार्ह आहे. मात्र या झगड्याचा भर प्रामुख्याने यंत्रातल्या संगणकप्रणालीच्या कुलपांवर आहे. बॉनेटला कुलूप नसते. ते बदलायला चार स्क्रू आणि अर्धा तास पुरतो. तेथे अडवणूक होते ती किमतीतून आणि मक्तेदारीतून. म्हणजे दुरुस्तीचा हक्क मिळाला आणि सुट्या भागाची किंमत मोकाट राहिली, तर तो हक्क कागदावरच राहील.

नेमके येथे डॉ. राममनोहर लोहियांच्या ‘दाम बांधो’ या मागणीचे स्मरण होते. कारखानी मालाची विक्री-किंमत उत्पादनखर्चाच्या दीडपटीहून अधिक असू नये, असा त्यांचा आग्रह होता. सबंध बाजाराला तो नियम लावणे किती शक्य आहे यावर वाद होऊ शकतो. पण ज्या सुट्या भागाला दुसरा विक्रेताच नाही, तेथे बाजाराच्या स्पर्धेचा हवाला देणे ही शुद्ध थाप आहे. निदान तेवढ्या क्षेत्रात तरी दाम बांधलाच पाहिजे.

भारतात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये या प्रश्नावर समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात माहितीचे एक पोर्टल उघडले. निवडलेल्या चार क्षेत्रांत शेतीयंत्रे आहेत. परंतु तेथील सहभाग कंपन्यांच्या मर्जीवर आहे; सक्ती करणारा कायदा नाही. आपल्याकडे द्राक्ष-डाळिंबाच्या बागांत फिरणारे छोटे ट्रॅक्टर वेगळ्या जातीचे, बहुतांशी डिझेलचे आणि पाण्याने थंड होणारे. त्यांना हे दुखणे अमेरिकेतल्या इतके जडेल असे नाही. पण डिझाइन नोंदणीचे संरक्षण आपल्या २००० सालच्या कायद्यानेही १५ वर्षांपर्यंत मिळते, आणि सुट्या भागाच्या किमतीपुढे हतबल झालेला शेतकरी कोणत्याही तालुक्यात भेटतो.

म्हणून शेतकरी आणि ग्राहक संघटनांतील आपल्या कार्यकर्त्यांनी काही मागण्या आतापासून लावून धराव्यात. बॉनेट, ढाल आणि फोमच्या पट्ट्या यांच्या किमती कंपनीने जाहीर कराव्यात, आणि यंत्राचे उत्पादन थांबल्यावरही हे भाग ठरावीक वर्षे पुरवावेत. उष्णतेने भाग बिघडला असता मालकाचा हलगर्जीपणा सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असावा. आणि उष्णतारोधक ढाल तर मुळात हातभर पत्रा आहे. तिची मोजमापे कंपनीने प्रसिद्ध केली तर तालुक्याच्या गावचा कोणताही फॅब्रिकेशनवाला ती तासाभरात करून देईल.