दुसरबीडचा शेतकरी आणि वाटेवरचा पाहुणा

सिंदखेड राजा तालुक्यातील दुसरबीड हे गाव पूर्वापार हमरस्त्यावरचे होय. मेहकराहून जालन्याकडे जाणारी वाट गावावरूनच जात असल्याने मालमोटारी व एस. टी. गाड्या येथे थांबत, प्रवासी चहा घेत, आणि त्या थांबण्यावर काही कुटुंबांची मीठभाकर चाले. सन २०२२ च्या ११ डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी हा मार्ग मुंबईपर्यंत पोहोचला. याच भागातून जाणाऱ्या त्या रस्त्यावरून आज जो प्रवासी धावतो, त्याला दोन्ही बाजूंची गावे दिसतात ती क्षणभर, काचेआडून. रस्त्यासाठी जमिनी शेतकऱ्यांच्या गेल्या. रस्त्यावरून जाणारा पैसा मात्र शिवारात उतरत नाही. तो उतरावयाचा असेल तर प्रवाशास महामार्ग सोडून आत येण्याजोगे कारण मिळाले पाहिजे.

असे कारण शोधावयास दूर जाण्याची गरज नाही. दुसरबीडच्या पश्चिमेस सिंदखेड राजा, पूर्वेस लोणार व उत्तरेस साखरखेर्डा आहे. जिजाबाईंचा जन्म १२ जानेवारी १५९८ रोजी सिंदखेडच्या राजवाड्यात झाला, हे शाळेतील मुलासही ठाऊक असते. परंतु वाड्याचे प्रवेशद्वार पाहून मागे फिरणाऱ्या बहुतेकांना त्या गावात आणखी काय आहे याची कल्पना नसते. लखुजी जाधवरावांची भव्य समाधी, नीळकंठेश्वराचे प्राचीन देवालय, काळाकोट, रंगमहाल, मोती तलाव आणि मधोमध तीन मजली इमारत असलेला चांदणी तलाव ही सर्व स्थळे एका दिवसात निवांतपणे पाहता येतात. सन २०२४ मध्ये समाधीच्या परिसरात जतनाचे काम चालू असता पुरातत्त्व खात्यास शेषशायी विष्णूची सुंदर पाषाणमूर्ती सापडली. या मातीच्या पोटात अजून काय दडलेले असेल, याचा अंदाज त्यावरून करावा. साखरखेर्ड्याची गोष्ट तर बहुतेक इतिहासप्रेमींच्याही विस्मरणात गेली आहे. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी निजाम-उल-मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला तो याच ठिकाणी. हैदराबादच्या निजामशाहीचा पाया ज्या लढाईने घातला गेला, ती लढाई आज जेथे सोयाबीन व तूर डोलते त्या शिवारात झाली. तेथे उभे राहून दोन शब्द सांगणारा माणूस मात्र पाहुण्यास भेटत नाही.

लोणारचे महत्त्व वेगळेच. काळ्या बेसॉल्ट खडकात उल्कापाताने पडलेले असे सुरक्षित विवर जगात फारच दुर्मिळ आहे. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असून तळाशी खारट व क्षारयुक्त पाण्याचे सरोवर आहे. त्याचे वय सुमारे ५०,००० वर्षे आहे, असे दीर्घकाळ मानले जाई. अलीकडच्या कालमापनाने ते पाच लाख वर्षांहून अधिक निघाले आहे. आइन-ए-अकबरीत या परिसराची नोंद आहे ती काच व साबण यांना लागणाऱ्या क्षारांसाठी. म्हणजे मोगल दरबारास हे सरोवर तमाशाचे स्थळ म्हणून नव्हे, तर महसुलाचे साधन म्हणून ठाऊक होते! जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा तो क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा परिणाम असल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत लोणारचा समावेश झाला. गावातील दैत्यसूदन मंदिराच्या भिंतींवरील शिल्पे, गोमुखाची अखंड वाहणारी धार आणि काठावरचे कमळजा देवीचे देऊळ यांच्यासाठी मुक्काम करावा, इतके ते पाहण्यासारखे आहे. प्रत्यक्षात मात्र पाहुणा दुपारी येतो, काठावरून खाली डोकावतो व सायंकाळी संभाजीनगरास परततो.

परदेशातील एका उदाहरणाचा येथे विचार करण्याजोगा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सच्या डोंगराळ भागातील खेडी ओस पडू लागली. तरुण शहराकडे गेले, दगडी घरे रिकामी राहिली. तेव्हा एमिल ओबेर नावाच्या सिनेटरच्या पुढाकाराने आल्प्सच्या भागात १९५१ मध्ये शेतकऱ्याच्या घरात पाहुण्यांची पहिली ‘जीत’, म्हणजे ग्रामीण निवास, सुरू झाली. १९५५ मध्ये अशा घरांचा देशव्यापी संघ स्थापन झाला. तेथील शेती खात्याने रिकाम्या खोल्या दुरुस्त करण्यास शेतकऱ्यांना साहाय्य दिले, ते त्या खोल्या प्रवाशांना भाड्याने द्याव्यात या अटीवर. पुढे १९८२ मध्ये कोलोंज-ला-रूज या लाल दगडाच्या मध्ययुगीन गावाचे महापौर शार्ल सेराक यांनी फ्रान्समधील सुंदर खेड्यांचा संघ काढला. त्यात प्रवेश मिळण्यासाठी गावाची वस्ती २,००० च्या आत असावी लागते व किमान दोन संरक्षित वास्तू वा स्थळे असावी लागतात. त्याच प्रदेशाच्या शेजारी रोशशुआर हे गाव आहे. ते वीस कोटी वर्षांपूर्वीच्या उल्काविवरावर वसले असून उल्कापाताने भाजलेल्या व चुरडलेल्या खडकाचे दगड तेथील जुन्या इमारतींत बसविलेले आहेत. तेथील विवर झिजून सपाट झाले आहे. डोळ्यांनी काही दिसत नाही. तरी लोक ते दगड पाहावयास जातात. लोणारचे विवर डोळ्यांसमोर आ वासून उभे आहे!

मात्र फ्रान्सचे सर्वच अनुकरणीय नाही. तेथील कित्येक सुंदर गावांत घरे शहरी व परदेशी धनिकांनी विकत घेतली. ती वर्षातील दहा महिने कुलूपबंद असतात, आणि गावच्या मुलास गावातच घर घेणे परवडेनासे होते. लोणार व सिंदखेड राजाच्या परिसरातील शेतकऱ्यांनी हा धोका आजच ओळखावा. रस्त्यालगतची एकर-दोन एकर जमीन उपाहारगृहवाल्यास विकून मिळालेला पैसा लग्नकार्यात व मोटारसायकलीत संपतो. पुढे त्याच उपाहारगृहात शेतकऱ्याचा मुलगा पाणी वाढण्यास उभा राहतो. जमीन राखून पाहुणा घरी आणणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण मंजूर केले आहे, व त्यानुसार शेतकऱ्यास पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते.

या व्यवसायास मोठ्या भांडवलाची गरज आहे, ही समजूत घातक आहे. कर्ज काढून पत्र्याच्या रंगीत खोल्या, कारंजे व प्लॅस्टिकचे हत्ती उभारणाऱ्यांची ही जागा नव्हे. शहरातील मनुष्य जे पाहण्यास येतो ते शेतकऱ्याकडे आधीच आहे. त्याला हवी ती स्वच्छ खोली, धुतलेली चादर, नळाचे पाणी असलेले नीटनेटके शौचालय आणि रात्री निर्धास्त झोप. यात शौचालयाचे स्थान पहिले. ते अस्वच्छ असेल तर बाकी सर्व आदरातिथ्य व्यर्थ जाते, आणि पाहुण्यांतील स्त्रिया पुन्हा येत नाहीत. जेवणास ज्वारीची भाकर, ठेचा, तुरीच्या सोल्यांची भाजी, सणावारी रोडगे व वांग्याची भाजी पुरेशी आहे. यासाठी पनीर आणण्यास मेहकरला जावे लागत नाही. बचत गटातील भगिनींनी स्वयंपाकाचे काम घ्यावे व त्याचा मोबदला त्यांच्या हाती, त्यांच्याच खात्यात जावा. घरधन्याच्या खिशातून तो फिरू लागला की दुसऱ्या वर्षी चूल पेटण्यास विलंब होतो, हा अनुभव इतर जोडधंद्यांत अनेकांना आलेला आहे.

दुसरी उणीव मार्गदर्शकांची. दहावी-बारावी झालेली मुले गावात आहेत. त्यांनी वाड्याचा, तलावांचा व विवराचा इतिहास नीट वाचावा; दंतकथा ती दंतकथा म्हणून व इतिहास तो इतिहास म्हणून सांगावा. लवणासुराची कथा रंगवून सांगण्यास हरकत नाही, पण उल्केची हकीकतही तितक्याच आवडीने सांगता आली पाहिजे. सिंदखेडच्या तलावांपाशी तर शेतकऱ्याच्याच मुलाने बोलावे. अवर्षणाच्या या मुलखात पाणी अडविण्याची कला जाधवरावांच्या काळातील माणसांना किती साधली होती, हे त्याच्याइतके कोणास कळणार?

पाहुण्यांबरोबर घाणही येते, याचा विचार आधी व्हावा. लोणारचे सरोवर हे बंद पात्र आहे. त्यात गेलेले पाणी बाहेर पडण्यास वाट नाही. धारेखाली साबणाने केलेले स्नान व धुणे, गावाचे सांडपाणी, काठाजवळील शेतांतून पावसाबरोबर वाहणारी खते व कीटकनाशके हे सर्व शेवटी तळाशीच जमते. सरोवरातील सूक्ष्मजीव हेच त्याचे वैशिष्ट्य. तेच नष्ट झाले तर खारे डबके उरेल. विवराच्या परिसरातील शेतकऱ्यांनी बांधबंदिस्ती करावी, शेणखताचा वापर वाढवावा व फवारणी मोजूनमापून करावी; यात सरोवराचे जसे हित आहे तसे त्यांच्या खर्चाचेही. नांगरास लागलेली मूर्ती किंवा कोरीव दगड गोठ्याच्या पायात घालण्याची चाल अद्याप कोठे कोठे दिसते. ती सोडून अशी वस्तू सापडताच तहसीलदारांना कळवावे.

गावातील वडीलधाऱ्यांचा या कल्पनेस विरोध असतो आणि तो सर्वस्वी गैर नाही. परका मनुष्य घरात उतरला की मद्य येते, आरडाओरड होते, लेकीसुनांना संकोच वाटतो, हे त्यांचे म्हणणे आहे. यासाठी नियम ग्रामसभेने करावेत, एकट्या घरमालकाने नव्हे. मद्यास बंदी, रात्री दहानंतर शांतता, ठरलेले दर आणि पाहुण्याच्या ओळखपत्राची नोंद, एवढे लिहून दाराशी लावले तर सज्जन पाहुणा रागावत नाही व दुर्जन येत नाही.

हंगामाचाही योग जुळतो. दरवर्षी १२ जानेवारीस जिजाऊंच्या जन्मोत्सवासाठी सिंदखेड राजास प्रचंड समुदाय लोटतो आणि रात्रीपर्यंत पांगतो. राहण्याची सोय नसते. नेमक्या त्याच दिवसांत शिवारात हरभऱ्याचा हुळा असतो, आणि जेथे रब्बी ज्वारी अजून पेरतात तेथे हुरडाही. दुसरबीड येथे आरंभी पाचच घरे निवडावीत. त्यांची नावे व दर दिवाळीपूर्वीच्या ग्रामसभेत ठरावेत, शौचालये व खोल्यांची दुरुस्ती डिसेंबरअखेर संपावी, आणि ११ व १२ जानेवारी या दोन रात्रींचा जमाखर्च त्याच महिन्यात ग्रामसभेपुढे वाचून दाखवावा, म्हणजे सहाव्या घराने यात पडावे की नाही हे ज्याचे त्याला ठरविता येईल.