सिंगापूरच्या बॅगेत पंधरा किलो गहू कशाला?



आपल्या समाजातली एखादी मुलगी संसार थाटायला सिंगापूरला निघाली की घरात एकच धांदल उडते. कपडे, भांडी, कागदपत्रे मागे राहतात आणि वजनकाट्यावर चढतात गहू, तूरडाळ, वर्षाचे तिखट, गोडा मसाला, पापड, कुरडया. सासूबाई, आई, मावशी सगळ्यांचे एकच म्हणणे: तिकडे आपले काही मिळत नाही, धर्म पाळायचा तर घरातूनच न्यायला हवे. मी गेली चार वर्षे मुलाकडे सिंगापुरात राहते. ही बांधाबांध म्हणजे धर्म नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. या बॅगेमुळे धर्म मोडतो.

कसा मोडतो, ते सांगते.

वर्षाचे धान्य भरण्याची आपली पद्धत सांगली-सोलापूरकडच्या कोरड्या हवेतली. वैशाखात गच्चीवर कडक ऊन द्यायचे, डाळीला एरंडेल चोळायचे, डब्यात कडुलिंबाचा पाला घालायचा. आपल्या आज्यांनी हे डोके लावून बसवले होते. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर आहे. सरासरी आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर, वर्षातले साधारण 170 दिवस पावसाचे, आणि रात्रीसुद्धा पारा 23-24 अंशांच्या खाली क्वचितच जातो. बाराव्या मजल्यावरच्या घराला गच्ची नाही. सकाळी ऊन पडले म्हणून ताटे पसरावीत तर दुपारी धो धो सर येते. अशा हवेत पंधरा किलो गहू ठेवले की महिना-दीड महिन्यात टोके लागतात, रव्याला जाळी धरते, कुरडयांवर बुरशी येते. बुरशीत अनंत जीव असतात असे मानणारे आपण!

मग त्या गव्हाचे काय करता? उन्हात टाकले तर जीव मरतात. फ्रीझरमध्ये टाकले तरी मरतात. पिशवी बांधून इमारतीच्या कचऱ्याच्या नळीत सोडली तर बाराव्या मजल्यावरून खाली जाऊन मरतातच. वाट कोणतीही घ्या, शेवट तोच. गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्ण टाळता येत नाही, हे मान्य. चूल पेटवायचीच आहे, केर काढायचाच आहे. पण किडे होणार हे ठाऊक असून धान्य भरून ठेवणे याला आरंभी हिंसेचे पांघरूण घालू नका. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्याच प्रमादाशी जोडलेली आहे, आणि हा निव्वळ प्रमाद आहे.

आता पिठाकडे या. आपल्याकडे पिठाची मर्यादा हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. दळलेल्या मसाल्यालाही तीच. म्हणजे वर्षाचा गोडा मसाला बॅगेत घालून "धर्मासाठी नेतेय" म्हणणाऱ्या बाईने मर्यादा विमानतळावर पोचण्याआधीच ओलांडलेली असते. आणि हे सात-पाच-तीन कशावरून ठरले? हवेवरून. जितका ओलावा जास्त, तितकी जीवोत्पत्ती लवकर. ज्या बेटावर हिवाळा येतच नाही, तिथे सात दिवसांची मर्यादा कुठून आणणार? तिथे बाराही महिने तीन दिवस. कॅलेंडरमध्ये मार्गशीर्ष आहे म्हणून सिंगापूरच्या पिठात जीव उशिरा पडत नाहीत.

चातुर्मासाची तर गंमतच आहे. आषाढापासून आपण पालेभाजी बंद करतो आणि कार्तिक संपला की मोकळ्या होतो. सिंगापुरात ईशान्य मोसमी पावसाचा सर्वांत ओला काळ येतो नोव्हेंबर ते जानेवारीत. म्हणजे पावसाचा जोर वाढला की आपले नियम सैल! चातुर्मास तिथीप्रमाणेच पाळावा, तो सगळ्या संघाबरोबर पाळायचा असतो, त्याला हात लावा असे मी म्हणत नाही. पण पालेभाजीतला जीव तिथी बघून येत नाही, एवढे तरी ध्यानात ठेवा. मी तिथे डिसेंबरातही पालेभाजी आणत नाही.

मी बी.कॉम. झालेली बाई, हिशेबाशिवाय बोलवत नाही. जास्तीच्या सामानाचे विमान कंपनीला दिलेले पैसे, फेकलेल्या धान्याची किंमत आणि ते निवडण्यात गेलेले दिवस एका वहीत लिहा. "तिकडे महाग पडते" हे पालुपद लगेच बंद होईल. लिटल इंडियात सेरंगून रोडवर आणि मुस्तफामध्ये डाळी, तांदूळ, पोहे, हिंग, सगळे मिळते. एकेक किलो आणावे, संपले की पुन्हा जावे. पाकिटातले पीठ मात्र महिन्यांपूर्वीचे असते, ते मला चालत नाही. त्याला उपाय छोटी घरघंटी. तिथली वीज आपल्यासारखीच 230 व्होल्ट, फक्त पिनेचा आकार वेगळा. तीन दिवसांपुरते दळायचे. शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून मी दुपारी दळते.

दुसऱ्या टोकाच्या बायकाही आहेत, त्यांनाही सोडत नाही. "परदेशात कुठे जमतंय" म्हणून ज्यांनी पहिल्या महिन्यातच सगळे सोडले, त्या. अगं, सिंगापुरात सूर्यास्त वर्षभर सातच्या आसपास होतो. पुण्यात डिसेंबरात सहा वाजताच अंधारते. सूर्यास्तापूर्वी जेवायला पुण्यापेक्षा तिथे सोपे! पाणी गाळून उकळायला कोणी अडवले आहे? जिवाणी विहिरीत परत सोडता येत नाही हे खरे, पण पुण्यात सातव्या मजल्यावर राहून ती कोण सोडते आहे?

आणि यत्नाचार म्हणजे काय ते त्या बेटाचा कायदाच शिकवतो. डेंग्यूमुळे तिथल्या नॅशनल एन्व्हायर्नमेंट एजन्सीची माणसे घरात येऊन साचलेले पाणी तपासतात. कुंडीखालची ताटली, फुलदाणी, कपडे वाळवायच्या बांबूंची भोके, सगळे बघतात. अळ्या सापडल्या तर दंड. आपल्या काही बायका कुरकुरतात की हे लोक डास मारायला लावतात. नीट बघा ना! एडिस डासाला अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठवडा लागतो. एक दिवसाआड ताटली पुसून कोरडी ठेवली तर जीव जन्मतच नाही आणि मारायची वेळ येत नाही. फवारा मारण्यापेक्षा फडके बरे.

शेजारपाजाराविषयीही बोलायला हवे. चिनी शेजारीण म्हटले की आपल्या बायका नाक मुरडून दार लावून घेतात. तिथल्या कितीतरी बौद्ध आज्या चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात, जशा आपण अष्टमी-चतुर्दशी पाळतो. त्यांच्या परंपरेच्या शाकाहारात कांदा-लसूणही नसतो. मशरूम, मुळा, गाजर असते, म्हणून त्यांचे ताट आपल्याला जसेच्या तसे चालत नाही, विचारूनच घ्यावे लागते. पण कांदा-लसूण का नको, हे त्या आजीला समजावून सांगावे लागत नाही. पुण्यातल्या हॉटेलात मात्र दर वेळी सांगावे लागते.

"मग बॅगेत न्यायचे तरी काय?" असे विचाराल. पाणी गाळायचे दुहेरी कापड दोन जोड, पूजेचे सोवळे, स्वाध्यायाची पुस्तके (प्लास्टिकमध्ये गुंडाळून, नाहीतर त्यांनाही बुरशी येते), धान्यासाठी घट्ट झाकणाचे छोटे डबे. मोठा डबा नेऊच नका, मोठा डबा दिसला की भरावासा वाटतो. राहिलेल्या जागेत सुती कपडे भरा, तिथे घाम फार येतो.